‘नादी’: मलय आणि इंडोनेशियन भाषांतील नाडी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नादी’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

मलय आणि इंडोनेशियन या सख्ख्या भाषाभगिनींत ‘नादी’ या शब्दाला एकमेकांना लागून असलेले दोन अर्थ आहेत. हृदयाकडून शरीरभर रक्त नेणारी वाहिनी, म्हणजे मराठीत आपण जिला धमनी म्हणतो ती, हा एक. आणि त्या वाहिनीवर बोट ठेवले असता जाणवणारा ठोका हा दुसरा. मराठी माणसाला नाडी म्हटले की आधी मनगट आठवते आणि धमनी हा शब्द तो शरीरशास्त्राच्या पुस्तकासाठी राखून ठेवतो. तिकडे ही दोन्ही कामे एकाच शब्दाकडे असल्यामुळे त्याच्या शेजारी दुसरा एखादा शब्द बसवून अर्थ पक्का करण्याची रीत पडली आहे. म्हणून ‘नादी’ शिकायचा असेल तर तो एकटा पाठ करून भागत नाही. त्याचे सोबती शब्दही शिकावे लागतात.

हा आपलाच ‘नाडी’ शब्द आहे का?

होय. संस्कृतातील ‘नाडी’ या शब्दाचा मूळ अर्थ नळी, पोकळ देठ असा आहे, आणि त्यातूनच शरीरातील वाहिनी व पुढे तिचा ठोका हे अर्थ आले. हाच शब्द मलय भाषेत गेला. मात्र मलय भाषेत आपल्यासारखा मूर्धन्य ‘ड’ नाही, महाप्राण वर्ण नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वरांमुळे शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे संस्कृत शब्द तिथे गेल्यावर एका ठरावीक पद्धतीने मवाळ झाले. दंडाचा ‘दन्दा’ झाला, जो आज पैशांच्या दंडासाठी वापरतात; पंडिताचा ‘पन्देता’ झाला, जो आज ख्रिस्ती धर्मोपदेशकाला म्हणतात; आणि नाडीची ‘नादी’ झाली.

शरीराशी संबंधित असा हा एकच शब्द तिकडे गेला असेही नाही. डोक्याला ‘कपाला’ म्हणतात, जो आपल्या कपाल शब्दाचा भाऊ आहे. चेहरा म्हणजे ‘मुका’, हे आपले मुख. खांदा म्हणजे ‘बाहु’. सांधा म्हणजे ‘सन्दी’, अर्थात संधी. अंगावरचे बारीक केस म्हणजे ‘रोमा’. याउलट रक्ताला ‘दाराह’, हृदयाला ‘जान्तुंग’ आणि शिरेला ‘उरात’ हे शब्द मलय भाषेचे घरचेच आहेत. म्हणजे नादीतून वाहणारे रक्त आणि ते ढकलणारे हृदय या दोन्ही गोष्टींची नावे देशी, आणि ठोक्याचे नाव तेवढे संस्कृत, अशी ही सरमिसळ आहे.

पण मग ‘नदी’ आणि ‘नाडी’ यांची गल्लत होत नाही का?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण ध्वनींच्या दृष्टीने पाहिले तर व्हायला हवी. ‘ड’ चा ‘द’ झाला आणि दीर्घ ‘ना’ चे वेगळेपण उरले नाही, की नदी आणि नाडी हे दोन्ही शब्द एकाच साच्यात पडतात. नदी हा शब्द त्या प्रदेशाला अपरिचित होता असेही म्हणता येत नाही. पश्चिम जावातील तारुमानगर राज्याचा राजा पूर्णवर्मन याचा पाचव्या शतकातील तुगू येथील शिलालेख संस्कृतात आहे. राजाच्या राजवटीच्या २२व्या वर्षी, फाल्गुन वद्य अष्टमी ते चैत्र शुद्ध त्रयोदशी अशा २१ दिवसांत, ६,१२२ धनुष्ये लांबीचा एक प्रवाह खोदल्याची नोंद त्यात असून त्या प्रवाहाचे वर्णन ‘नदी रम्या गोमती निर्मलोदका’ असे केलेले आहे. हा शिलालेख आजच्या जकार्ताच्या उत्तर भागात सापडला.

तरीही आजच्या मलय-इंडोनेशियन बोलण्यात गल्लत होत नाही, याचे कारण साधे आहे. नदीसाठी ‘सुंगाई’ हा देशी शब्द घट्ट बसलेला आहे, आणि जावात ‘काली’ व मोठ्या नदीसाठी ‘बंगावान’ हे शब्दही आहेत. नदीची जागा आधीच भरलेली असल्यामुळे ‘नादी’ शरीरापुरता मोकळा राहिला.

उच्चार कसा करावा?

दोन अक्षरे, ना-दी, दोन्ही फार न लांबवता. त्यांचा ‘द’ आपल्या ‘द’ आणि ‘ड’ यांच्या मधोमध पडतो. मराठी कानाला तो ‘द’च्या अंगाने ऐकू येतो. आपण ‘नाडी’ असा खणखणीत उच्चार केला तरी संदर्भाने समोरच्याला कळेल, पण ‘नादी’ म्हणणे अधिक जवळचे आहे. आपल्याकडच्या ‘नादी लागणे’ याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

याच पानावरील इतर शब्दांविषयीही एक सूचना करावीशी वाटते. रोमन लिपीत जिथे त्यांचा ‘ई’ हा वर्ण दिसतो, तिथे पुष्कळदा उच्चार आपल्या ऱ्हस्व ‘अ’सारखा असतो. म्हणून ‘दन्युत’, ‘पम्बुलुह’, ‘कपाला’ असे लिहिले आहे. ‘देन्युत’, ‘पेम्बुलुह’ असे वाचले तर कानाला परके वाटते.

‘दन्युत नादी’, ‘पम्बुलुह नादी’ आणि ‘उरात नादी’ यांत फरक काय?

‘दन्युत’ म्हणजे ठणका, ठोका, स्पंदन. ‘दन्युत नादी’ म्हणजे नाडीचा ठोका, आणि आपण रोजच्या व्यवहारात ‘नाडी’ म्हणतो त्याला सर्वांत जवळचा शब्दप्रयोग हाच. ‘बर्दन्युत’ हे त्याचे क्रियापद; डोके ठणकत असेल तर तेही ‘बर्दन्युत’च असते.

‘पम्बुलुह’ म्हणजे वाहिनी किंवा नळी, आणि त्यात ‘बुलुह’ म्हणजे बांबू हा शब्द दडलेला आहे. ‘पम्बुलुह नादी’ म्हणजे धमनी. इंडोनेशियातील शाळेच्या पुस्तकांत रक्ताभिसरणाच्या धड्यात ही जोडी येते: हृदयाकडून रक्त नेणारी ती ‘पम्बुलुह नादी’ आणि हृदयाकडे रक्त परत आणणारी ती ‘पम्बुलुह बालिक’, कारण ‘बालिक’ म्हणजे परत. नीला या वाहिनीला ‘परतीची नळी’ म्हणणे मला फार नेटके वाटते. विद्यार्थ्याला वेगळी व्याख्या पाठ करावी लागत नाही. अलीकडे ‘आर्तेरी’ आणि ‘वेना’ हे पाश्चात्त्य शब्दही सर्रास चालतात आणि डॉक्टर बहुधा तेच वापरतात. इथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. संस्कृत नाडीचा मूळ अर्थ पोकळ देठ, आणि पम्बुलुहच्या पोटात बांबू; म्हणजे ‘पम्बुलुह नादी’ या जोडशब्दात दोन वेगळ्या भाषाकुळांतील दोन पोकळ देठ शेजारी येऊन बसले आहेत.

‘उरात नादी’ हा प्रयोग जुना आणि अधिक बोलीतला. ‘उरात’मध्ये शीर, स्नायुबंध, तंतू असे बरेच काही येते, त्यामुळे शास्त्रीय काटेकोरपणा त्यात कमी आहे, मात्र लाक्षणिक अर्थाने हाच प्रयोग सर्वांत अधिक वापरला जातो. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

हृदयाचे ठोके आणि नाडीचे ठोके यांसाठी वेगळे शब्द आहेत का?

आहेत, आणि ते वेगळे ठेवण्याला कारणही आहे. हृदयाच्या ठोक्यांसाठी इंडोनेशियात ‘दताक जान्तुंग’ किंवा ‘दन्युत जान्तुंग’ म्हणतात, तर मलेशियात ‘दगुप जान्तुंग’ अधिक ऐकू येते. ‘दताक’ हा घड्याळाच्या टिकटिकीसाठीही चालतो. भीतीने छाती धडधडते ती ‘दगुप’. मनगटावर बोटांना लागतो तो ‘दन्युत’. निरोगी माणसात हृदयाचे आणि नाडीचे आकडे सारखेच येतात, म्हणून बोलताना फरक केला नाही तरी चालून जाते. परंतु हृदयाची लय फार अनियमित झाली असेल तर काही ठोके इतके दुबळे पडतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि मग नाडीचा आकडा हृदयाच्या आकड्यापेक्षा कमी भरतो. वैद्यकीय कागदपत्रांचे भाषांतर करणाऱ्याने म्हणूनच ‘दन्युत जान्तुंग’ला नाडी आणि ‘दन्युत नादी’ला हृदयाचे ठोके असे लिहू नये.

‘नाडी पाहणे’ याला काय म्हणतात?

या पानावर मला सर्वांत आवडता प्रश्न हाच आहे. इंडोनेशियन भाषेत नाडी तपासणे म्हणजे ‘परिक्सा नादी’, अधिक औपचारिक भाषेत ‘ममरिक्सा नादी’, आणि त्या क्रियेचे नाव ‘पमरिक्साआन नादी’. यातील ‘परिक्सा’ हा शब्द दुसरा कोणी नसून आपली ‘परीक्षा’च आहे. म्हणजे जकार्तातील एखादी परिचारिका जेव्हा रुग्णाला म्हणते की ‘साया परिक्सा नादी दुलु, या’, अर्थात मी आधी नाडी तपासते हं, तेव्हा ती आपल्या वैद्यांच्या नाडीपरीक्षेचे दोन्ही घटक उच्चारत असते. क्रम तेवढा उलटा आहे, कारण त्यांच्या वाक्यात क्रियापद आधी आणि कर्म नंतर येते.

मलेशियात आदराने विचारायचे तर ‘बोलेह साया रासा नादी एन्चिक?’ असे म्हणता येईल. ‘एन्चिक’ हे पुरुषासाठी आदरार्थी संबोधन आहे, स्त्रीला ‘पुआन’ म्हणतात. या वाक्यातील ‘रासा’ हा आपला ‘रस’, जो तिकडे चव, भावना आणि स्पर्शाने जाणणे अशा तिन्ही अर्थांनी नांदतो.

दवाखान्यात हा शब्द कोणत्या रूपात दिसतो?

इंडोनेशियातील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला ‘पुस्केस्मास’ म्हणतात. तिथे किंवा रुग्णालयात रुग्णाच्या कागदावर रक्तदाब, नादी, ताप आणि श्वास या चार नोंदी एकत्र असतात. तिथे ‘नादी’ हा शब्द एकटाच लिहिलेला असतो, ‘दन्युत’ जोडलेला नसतो, आणि पुढे ‘८० काली पर मनित’ अशा प्रकारची नोंद येते. ‘काली’ म्हणजे वेळा आणि ‘मनित’ म्हणजे मिनिट. मलेशियात मिनिटाला ‘मिनित’ म्हणतात आणि नाडीच्या वेगाला ‘कादार नादी’. हा ‘मनित-मिनित’ भेद वसाहतीच्या इतिहासातून आला आहे: इंडोनेशियाने शब्द डचांकडून घेतला, मलेशियाने इंग्रजांकडून.

‘नादी तराबा’ म्हणजे नाडी बोटांना लागते, ‘नादी तिदाक तराबा’ म्हणजे लागत नाही. ‘नादी चपात दान लमाह’ म्हणजे जलद आणि क्षीण नाडी. डेंग्यूच्या रुग्णाच्या बाबतीत हे शब्द कानावर आले तर त्याचे गांभीर्य नातेवाइकांनी ओळखावे, कारण रक्ताभिसरण कोलमडू लागल्याचे ते लक्षण असू शकते. बाली, क्वालालंपूर किंवा सिंगापूर इथे कुटुंबासह जाणाऱ्यांनी एवढे चार-पाच शब्द टिपून ठेवले तर वाया जाणार नाहीत.

मोजण्याची पद्धत आपल्यासारखीच. ‘पर्गलांगान तांगान’वर, म्हणजे मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला तर्जनी व मधले बोट ठेवून एक मिनिट, किंवा लय नियमित असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट करतात. अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्याचे स्वतःचे स्पंदन मोजणाऱ्याला फसवते. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० धरली जाते. एखादी व्यक्ती अचानक कोसळली, प्रतिसाद देत नसली आणि नीट श्वास घेत नसली, तर प्रशिक्षण नसलेल्याने नाडी शोधण्यात वेळ घालवू नये. मदत बोलवावी आणि छातीवर दाब देणे सुरू करावे.

शब्दाबरोबर आपल्या वैद्यांची नाडीपरीक्षाही तिकडे गेली का?

शब्द गेला म्हणजे शास्त्रही गेले, असे मानण्याची घाई करू नये. मुळात चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत आज आपल्याला माहीत असलेली मनगटावरची नाडीपरीक्षा नाही; ती ठळकपणे येते ती पुष्कळ नंतरच्या शार्ङ्गधर संहितेत. संस्कृतचा इंडोनेशियन द्वीपांशी संबंध त्याच्या कित्येक शतके आधीचा आहे. पूर्व कालिमांतानमधील (कालिमांतान म्हणजे बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातील भाग) मुआरा कामान येथे सापडलेले मूलवर्मन राजाचे यूपलेख, म्हणजे यज्ञस्तंभांवरचे लेख, इसवी सनाच्या ४०० च्या आसपासचे मानले जातात.

वातनाडी सर्पाच्या गतीने, पित्तनाडी बेडकाच्या आणि कफनाडी हंसाच्या गतीने चालते, ही आपल्याकडची सुंदर वर्णने ‘नादी’ या शब्दाबरोबर मलय वाचकाच्या मनात येत नाहीत. बालीत ‘उसादा’ नावाची वैद्यकीय पोथ्यांची परंपरा आहे आणि ‘उसादा’ हा शब्द आपल्या औषधाचाच आहे. पण सर्वसामान्य इंडोनेशियन माणसाला मनगट धरून रोग सांगणारा कोण, असे विचारले तर त्याला चिनी वैद्य, म्हणजे ‘सिन्शे’, आठवण्याचा संभव अधिक. योगाभ्यास करणारे मात्र इडा, पिंगला, सुषुम्ना यांना ‘नादी’च म्हणतात, आणि तो अर्थ अलीकडच्या योगवर्गांतून पोहोचला आहे.

शेजारच्या इतर भाषांनीही हा शब्द घेतला आहे का?

घेतला आहे, आणि त्यांनी त्याचे जे केले ते पाहून थक्क व्हायला होते. आपल्याकडे नाडी किंवा नाडिका हे कालमापनाचे एककही होते: दिवसाचा साठावा भाग, म्हणजे २४ मिनिटे, ज्याला आपण घटका म्हणतो. थाई भाषेने नेमका हा कालवाचक अर्थ उचलला. थाई भाषेत आज ‘नाथी’ म्हणजे मिनिट. ख्मेर भाषेतही मिनिटाचा शब्द याच मुळाचा आहे, आणि ब्रह्मदेशात ‘नायी’ म्हणजे तास किंवा घड्याळ. मलय भाषेने शरीर घेतले आणि काळ सोडला. तिला मिनिटासाठी युरोपीय शब्द आणावा लागला. ‘दन्युत नादी पर मनित’ हे मोजमाप थाई माणूस सांगतो तेव्हा नाडी त्याच्या वाक्यातही असते, पण ती ठोक्याच्या जागी नसून मिनिटाच्या जागी असते.

लाक्षणिक अर्थाने ‘नादी’ कसा वापरतात?

इथे हा शब्द सर्वांत श्रीमंत आहे. ‘उरात नादी पर्एकोनोमिआन’ म्हणजे अर्थव्यवस्थेची मुख्य धमनी, आणि हे शब्द इंडोनेशियन वृत्तपत्रांत रस्ते, बंदरे, नद्या यांच्याविषयी वारंवार येतात. जावाच्या उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या ‘पान्तुरा’ या महामार्गाला असे म्हणतात. त्याचा बराचसा भाग डच गव्हर्नर-जनरल डान्डल्स याने १८०८ पासून बांधून घेतलेल्या, अन्येर ते पानारुकान अशा सुमारे १,००० किलोमीटरच्या टपाल रस्त्याशी जुळतो. मलाक्काच्या सामुद्रधुनीलाही जागतिक व्यापाराची ‘उरात नादी’ म्हणतात. ‘दन्युत नादी कोता’ म्हणजे शहराचे स्पंदन, आणि ‘दन्युत नादी राक्यात’ म्हणजे लोकांची नाडी, जी पुढाऱ्याला कळावी अशी तिथेही अपेक्षा असते. मलेशियात ग्रामीण भागातील इंटरनेट व प्रशिक्षण केंद्रांना ‘नादी’ हे लघुनाम दिलेले आहे; अक्षरे लांब नावातून जुळवलेली असली तरी ऐकणाऱ्याला स्पंदनच ऐकू येते.

कालिमांतानमध्ये मात्र हा प्रयोग विशेष खोल वाटतो. कापुआस ही सुमारे १,१४३ किलोमीटर लांबीची इंडोनेशियातील सर्वांत लांब नदी; आतल्या भागातील गावांचा माल, माणसे आणि बाजार तिच्यावर चालत आले आहेत, आणि तिला तिथले लोक जगण्याची ‘उरात नादी’ म्हणतात. मलय भाषेने नदी आणि नाडी यांतील नदी दूर ठेवली, नाडी शरीरात नेली, आणि शेवटी नदीलाच नाडी म्हटले. ही वाट कोणी ठरवून आखलेली नाही, म्हणूनच ती मला मोलाची वाटते.

धार्मिक भाषेत एक बारकावा आहे. ईश्वर माणसाला त्याच्या मानेच्या शिरेहून जवळ आहे, असे कुराणाच्या ५०व्या सूरेतील १६व्या आयतीत म्हटले आहे. इंडोनेशियन अनुवादात तिथे ‘उरात लेहेर’, म्हणजे मानेची शीर, असे शब्द आहेत; बोलताना लोक कधी ‘उरात नादी’ म्हणतात. उद्धृत करताना मात्र अनुवादातील शब्दच द्यावा.

पायजम्याची नाडी, पत्रिकेतील नाडी हे अर्थ तिकडे आहेत का?

नाहीत. पायजम्याच्या किंवा चड्डीच्या नाडीला इंडोनेशियात ‘ताली कोलोर’ म्हणतात. लग्न जुळवताना एकनाड आली म्हणून स्थळ नाकारण्याचा प्रकारही या शब्दाशी तिथे जोडलेला नाही.

फिजीतील विमानतळाचे ‘नादी’ हे नाव याच शब्दावरून आले आहे का?

नाही. रोमन अक्षरे तीच असली तरी त्या गावाचा उच्चार ‘नांदी’ आहे, कारण फिजियन लेखनपद्धतीत त्या एका अक्षराने ‘न्द’ हा ध्वनी दाखवतात. तिथे भारतीय वंशाची मोठी वस्ती असल्यामुळे आणि गावाजवळून नदी वाहत असल्यामुळे हा गैरसमज पसरतो. बालीतही ‘नादी’ असा एक शब्द आहे, पण तो अंगात येण्याच्या अवस्थेसाठी वापरतात आणि ‘दादी’, म्हणजे होणे, या धातूशी त्याचे नाते आहे. अरबी लिपीवर आधारलेल्या जुन्या मलय लिपीत ‘नादी’ लिहिला तर त्याची अक्षरे अरबी भाषेतील ‘क्लब’ या अर्थाच्या शब्दासारखीच दिसतात. तोही निव्वळ योगायोग आहे.

मराठीत भाषांतर करताना प्रत्येक वेळी ‘नाडी’ लिहावे का?

तसे करू नये, आणि शब्द ओळखीचा असल्यामुळेच इथे चुका होतात. ‘दन्युत नादी’ असेल तर नाडी किंवा नाडीचे ठोके. ‘पम्बुलुह नादी’ असेल तर धमनी. ‘दन्युत नादी राक्यात’साठी लोकांची नाडी चपखल बसते, कारण लोकांची नाडी ओळखणे हे आपण म्हणतोच. पण ‘उरात नादी पर्एकोनोमिआन’ला अर्थव्यवस्थेची नाडी म्हटले तर मराठी वाचकाला अर्थव्यवस्थेची प्रकृती कळण्याचे ठिकाण असे वाटेल, आणि मूळ वाक्याला तर सारे काही जिच्यातून वाहते ती वाहिनी अभिप्रेत आहे. मुंबईच्या लोकलला आपण जीवनवाहिनी म्हणतो. कापुआस नदीविषयीच्या वाक्यात मी तोच शब्द योजेन.